नऊ चासी नंबरांची गोष्ट

जग्वारच्या कारखान्यात १९५७ साली ‘एक्सकेएसएस’ नावाच्या पंचवीस गाड्या तयार व्हायच्या होत्या. सोळा झाल्या. उरलेल्या नवांना जवळपास साठ वर्षं थांबावं लागलं, आणि त्या घडल्या तेव्हा जग्वारची मालकी मुंबईत आलेली होती, फोर्टातल्या होमी मोदी स्ट्रीटवरच्या बॉम्बे हाउसमध्ये. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेली, १९२४ साली उभी राहिलेली ही टाटांची इमारत. भाईंदर, मिरा रोडहून सकाळची लोकल धरून चर्चगेटला उतरणारे आणि पुढे फोर्टातल्या कचेऱ्यांकडे चालत निघणारे कितीतरी लोक तिच्या आसपासून रोज जातात. ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इतिहासातलं एक विलक्षण वळण त्यांच्या नेहमीच्या वाटेवर आहे.

ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण जुन्या गाडीबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न ती उघडपणे समोर ठेवते: गाडी ‘तीच’ आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो? पत्र्याच्या, इंजिनाच्या, नंबराच्या, की ज्यांनी ती वापरली त्या माणसांच्या?

एक्सकेएसएसची आई म्हणजे जग्वार डी-टाइप. ही निव्वळ शर्यतीची गाडी होती. तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते आधी ब्रिस्टल विमान कंपनीत होते आणि गाडीच्या अंगावरची वळणं गणिताने काढत. तिचा मधला भाग विमानाच्या धडासारखा, पत्र्याच्याच ताकदीवर उभा असलेला. इंजिन सहा सिलिंडरचं, ३.४ लिटरचं. डी-टाइपने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं जिंकली. त्यातलं १९५५ चं वर्ष दुःखाचं होतं. त्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांमध्ये घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये जग्वारने कारखान्याच्या वतीने शर्यतीत उतरणं थांबवलं. १९५७ ची जीत एकूरी एकॉस या खाजगी स्कॉटिश संघाची.

शर्यती थांबल्या तेव्हा कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्यात न खपलेल्या, अर्धवट राहिलेल्या पंचवीस डी-टाइप पडून होत्या. कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांना वाया गेलेली वस्तू खपत नसे. त्यांनी ठरवलं की याच गाड्या रस्त्यावर चालतील अशा करून अमेरिकेत विकायच्या. बदल फारसे नव्हते. दोन आसनांमधली मजबुतीची आडवी भिंत काढली, चालकाच्या डोक्यामागचा उभा पंख काढला, शेजारच्याला चढायला दार दिलं, पुढे रुंद काच बसवली, वर घडीचं कापडी टप चढवलं, पुढेमागे बारीक बंपर लावले. डिकी नव्हतीच, सामानासाठी मागच्या पाठीवर एक जाळी. एक्झॉस्टच्या नळ्या दाराखालून बाहेर निघत, म्हणजे उतरणाऱ्याने पाय सांभाळायचा. इतकं करूनही गाडी ताशी २३० किलोमीटरच्या पुढे जायची. रस्त्यावर चालवता येणाऱ्या गाडीसाठी त्या काळात हा वेग भीती वाटावी असा होता.

१२ फेब्रुवारी १९५७ च्या संध्याकाळी ब्राउन्स लेनला आग लागली. शेकडो गाड्या जळाल्या, कारखान्याचा मोठा भाग गेला, आणि त्यात एक्सकेएसएससाठी राखलेल्या नऊ गाड्याही गेल्या. कामगारांनी काही दिवसांत नेहमीच्या गाड्यांचं काम पुन्हा सुरू केलं, ही त्या कारखान्याच्या अभिमानाची बाब. पण एक्सकेएसएसचा विषय तिथेच मिटला. नोंदवहीत नऊ गाड्यांच्या जागा तेवढ्या उरल्या.

बचावलेल्या सोळांपैकी बहुतेक अमेरिकेला गेल्या. एक हाँगकाँगला पोचली, आणि १९५९ ची मकाव ग्राँप्री रॉन हार्डविक यांनी एक्सकेएसएसमधूनच जिंकली. या गाडीचं नाव आशियाच्या शर्यतींच्या इतिहासात असं कायमचं लागलं.

सोळांमधली सर्वात प्रसिद्ध गाडी अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन यांची. १९५८ मध्ये त्यांनी ती जुन्यातच घेतली, पाच हजार डॉलरला. मूळ रंग फिकट होता. त्यांनी तिला गडद हिरवा रंग दिला, आतलं कातडं बदलून घेतलं, डॅशबोर्डवर झाकणाचा कप्पा करून घेतला. साठचं दशक सरताना त्यांनी ती नेवाडातल्या हॅरा संग्रहाला विकली. मग चुकचुकले, आणि सत्तरच्या दशकात खटपटी करून तीच गाडी परत मिळवली. १९८० मध्ये ते वारले. १९८४ च्या लिलावात ती १,४७,५०० डॉलरला एका ओळखीच्या माणसाने घेतली. त्याने ती इंग्लंडला पाठवून यंत्राच्या अंगाने नीट करून घेतली. मॅक्वीन यांनी केलेले बदल मात्र तसेच ठेवले. आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे.

‘मॅक्वीन यांचे बदल तसेच ठेवले’ यापाशी थांबायला हवं. कारखान्यातून निघाली तशी करायची म्हटलं असतं, तर हिरवा रंग खरवडून फिकट रंग चढवला असता, कप्पा काढला असता. गाडी पुस्तकाबरहुकूम झाली असती आणि तिच्या आयुष्यातली वीस-बावीस वर्षं पुसली गेली असती. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये स्वीकारलेला तुरीनचा जाहीरनामा हेच सांगतो: आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि अगदी गरज पडली तरच नवं बसवा, बसवलेलं नवं ओळखता येईल अशी खूण ठेवा, जे केलं ते लिहून ठेवा. पुराण्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये ठरलेल्या तत्त्वांचा हा मोटारींसाठीचा अवतार आहे. माझ्या मते तो प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावा.

गाडीसारखेच कंपनीचे मालकही बदलत गेले. लायन्स यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूलला साइडकार बनवण्यापासून सुरुवात केली होती. जग्वार १९६६ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये गेली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडच्या पसाऱ्यात ओढली गेली, १९८४ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाली, दशक संपताना फोर्डने घेतली. मग २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर असे दोन्ही ब्रँड २.३ अब्ज डॉलरला विकत घेतले. पुढच्या काही महिन्यांतच जगभर मंदी आली. टाटांनी फार मोठं ओझं अंगावर घेतलं, असं तेव्हा पुष्कळांना वाटत होतं. २०११ मध्ये पुण्याजवळच्या चिखलीत लँड रोव्हरच्या फ्रीलँडरची जुळणी सुरू झाली, नंतर जग्वार एक्सएफचीही.

या काळात जग्वारने आपल्या जुन्या गाड्यांकडे वळून पाहिलं, याची दखल मराठी वाचकाने घ्यायला हवी. २०१४ मध्ये कंपनीने एका इंग्रज संग्राहकाच्या ५४३ गाड्या एकरकमी घेतल्या. त्याच वर्षी हलक्या वजनाच्या ई-टाइपचं राहिलेलं काम हाती घेतलं: १९६३ मध्ये अठरा ठरल्या होत्या, बारा झाल्या होत्या, उरलेल्या सहा आता झाल्या. पुढे २०१८ मध्ये डी-टाइपच्याही राहून गेलेल्या पंचवीस गाड्या बांधायचं जाहीर झालं. या दोन्हींच्या मधोमध आल्या आपल्या नऊ.

घोषणा २०१६ च्या मार्चमध्ये झाली. पहिली गाडी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दाखवली, तीही पीटरसन संग्रहालयात, म्हणजे मॅक्वीन यांची गाडी जिथे असते त्याच छपराखाली. अभियंत्यांनी १९५७ च्या मूळ गाड्यांचं डिजिटल मोजमाप घेतलं. अंगावरचा मॅग्नेशियम मिश्रधातूचा पत्रा जुन्या पद्धतीने हाताने चाकावर फिरवून वळवला. सांगाड्याचे सांधे कांस्य वेल्डिंगने जोडले. एका गाडीत दोन हजारांवर रिव्हेट. इंजिनाचा ब्लॉक नव्याने ओतला, वर वेबर कार्बोरेटर, चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. डॅशबोर्डवरची स्मिथ्सची घड्याळंही जुन्यासारखी करून घेतली. एका गाडीमागे सुमारे दहा हजार तासांची मेहनत, आणि किंमत दहा लाख पौंडांच्या वर. या नऊ गाड्यांना जुन्या नोंदवहीतले चासी नंबर देण्यात आले.

मग या नऊ गाड्या खऱ्या की नकला? नक्कल म्हणणं अन्याय होईल. बनवणारी कंपनी तीच, रेखाटनं तीच, नोंदवही तीच. तरीही बाजाराने आपला कौल दिलेला आहे. २०२३ मध्ये एक मूळ एक्सकेएसएस अमेरिकेतल्या लिलावात १ कोटी ३२ लाख डॉलरला गेली. नवी गाडी त्या मानाने कितीतरी स्वस्त पडते, आणि कारागिरीत कदाचित जुनीहून सरस असेल. १९५७ च्या कामगारांना दहा हजार तास कोण देणार होतं? फरक कारागिरीचा नाही. नव्या गाडीला नंबर आहे, पण त्या नंबरामागे माणसं नाहीत. पाच हजार डॉलर मोजणारा नट नाही, विकून पस्तावणं नाही, मकावचा घाट नाही. मालकांची साखळी कारखान्याला घडवता येत नाही.

आपल्याकडचं दुखणं नेमकं उलटं आहे. धातू कसाबसा शिल्लक असतो, साखळी मात्र तुटलेली असते.

आधी धातूचं पाहू. मिरा-भाईंदर हे एका बाजूला वसईची खाडी, एका बाजूला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरं असं शहर. इथल्या हवेतलं मीठ नुसतं स्वयंपाकाचं मीठ नसतं. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून विरघळायला सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांवरच ओलं होतं. म्हणून खाडीकाठी उभ्या गाडीवर बसलेली बारीक धूळ पावसाळ्यातच काय, जानेवारीच्या सकाळीही ओलसर राहते. त्या ओलीत विरघळलेलं क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतं आणि गंज आत शिरतो. वरून चकाकणाऱ्या गाडीचे दाराखालचे पोकळ पत्रे आतून चाळण झालेले असतात. गॅरेजमध्ये पेचकसाच्या टोकाने टोचून बघतात ते याचसाठी.

एक्सकेएसएसच्या अंगासारखा मॅग्नेशियमचा पत्रा इथे ठेवला तर काय होईल? बांधकामात वापरल्या जाणाऱ्या धातूंमध्ये मॅग्नेशियम सगळ्यात लवकर झिजणारा. तो पोलादाला टेकलेला असेल आणि मध्ये खारं पाणी असेल, तर त्या जोडीची बॅटरी तयार होते. पोलाद सुरक्षित राहतं आणि मॅग्नेशियम खर्ची पडतं. जहाजांच्या बुडाला मुद्दाम झिजण्यासाठी जस्ताचे तुकडे लावतात, त्यामागचं तत्त्व हेच. पोलादी सांगाड्यावर बसवलेलं असं अंग खाडीकाठच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ठेवणं म्हणजे ते गमावणं. कोरडी बंद खोली आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र हाच उपाय. प्लास्टिकची ताडपत्री हा उपाय मुळीच नव्हे. तिच्याखाली घामासारखं पाणी साचतं आणि वर्षाचं काम महिन्यात होतं. मिरा रोडच्या इमारतींखाली अशा झाकलेल्या गाड्या दिसल्या की जीव कळवळतो.

एमजीच्या टीसी-टीडी मालिकेच्या गाड्यांना आणखी एक शत्रू असतो. त्यांच्या पत्र्याखालचा सांगाडा ॲश लाकडाचा. त्याला कोकणपट्टीतली वाळवी पुरते.

तरीही मुंबई आणि तिच्या आसपास ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या टिकल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत त्या आल्या, जुहूच्या विमानतळावरच्या शर्यतींत धावल्या. १९५३ नंतर सरकारचं धोरण बदललं: जो इथे गाडी बनवेल त्यालाच थारा. १९५४ मध्ये शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला, बाहेरून आख्खी गाडी आणणं जवळजवळ अशक्य झालं. सुटे भाग येणंही मुश्कील. मग या गाड्या चालल्या कशावर?

उत्तर आहे त्यांच्या भारतीय भावंडांवर. एमजी टीसीचं १२५० सीसीचं इंजिन मॉरिस टेनच्या इंजिनाच्या घराण्यातलं. आणि मॉरिस टेन म्हणजे आपली हिंदुस्थान टेन. १९५५ मध्ये आलेल्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतलं. तेच, त्याच मापाचं, पन्नासचं दशक सरताना अ‍ॅम्बेसेडरला बसलं. ट्रायम्फ स्पिटफायर ही ट्रायम्फ हेरल्डच्या पायावर उभी. आणि हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने आपल्याकडे १९६१ पासून बनवली. सगळे भाग जसेच्या तसे बसत नाहीत. एमजीएचं हेड वेगळं, दोन एसयू कार्बोरेटर वेगळे. पण ज्या फिटरने टॅक्सी-अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन शंभरदा उतरवलंय, त्याला एमजीएच्या इंजिनापुढे बिचकायचं कारण नव्हतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात शोधायचं, जे मिळणार नाही ते लेथवर टर्नरकडून करून घ्यायचं, बोअर वाढवून स्लीव्ह टाकायची, गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापायची. या माणसांची नावं कुठल्याही लिलावाच्या पुस्तिकेत येत नाहीत. इंग्लंडमध्ये त्याच गाड्या भंगारात जात होत्या तेव्हा इथल्या कारागिरांनी त्या चालत्या ठेवल्या, म्हणून त्यांची नावं यायला हवीत असं मला ठामपणे वाटतं.

त्यांचं काम पुढे शिक्षा ठरू शकतं, ही यातली खंत. एखाद्या एमजीएमध्ये कधीतरी अ‍ॅम्बेसेडरचा आख्खा ब्लॉक बसवला गेला असेल, तर आज ती ‘नंबर जुळणारी’ गाडी राहत नाही. शुद्धतेचा आग्रह धरणारा तो ब्लॉक उपटून इंग्लंडहून दुसरा मागवतो. कागदावर गाडीची किंमत वाढते. पण तो ब्लॉक १९६५ सालच्या टंचाईत कोणीतरी काढलेल्या मार्गाचा पुरावा होता. शक्य असेल तर तो चालू ठेवावा, नाहीतर खूण करून गाडीबरोबर जपावा, भंगारात देऊ नये.

आता तुटलेल्या साखळीकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, चासी, अंग आणि इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ धरली जाते. नव्याने नोंदवताना राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पाच हजारांत नूतनीकरण. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा. परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री, इथेच नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर काढता येते, धंद्यासाठी नाही.

नियम चांगला आहे, आणि वयाची भिंतही स्पष्ट आहे. २०१६ मध्ये बांधलेली एक्सकेएसएस, तिचा चासी नंबर कितीही जुना असला, तरी या दाराने आत येऊ शकत नाही. आपल्याकडच्या खऱ्या जुन्या गाड्या अडतात त्या आरसी बुकपाशी. गाडी आजोबांच्या नावावर असते आणि त्यांच्यानंतर कुणी नाव बदललेलं नसतं. किंवा मधल्या दोन मालकांनी नुसत्या कोऱ्या सह्या केलेल्या असतात. पुस्तकाची पानं पावसात भिजून चिकटलेली असतात. वारसांना गाडी दिसते, तिचं नाव लागलेला माणूस दिसत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधीची कामं आधी करावीत. चासी आणि इंजिनाच्या नंबरांवरचा गंज तारेच्या ब्रशने जोरात घासू नये. तेलाने भिजवून, कापडाने पुसून, बाजूने उजेड टाकून फोटो घ्यावा. ग्राइंडर तर लावूच नये, कारण अस्पष्ट झालेला आकडा पुन्हा कोरला की तपासणाऱ्याला त्यात संशयच दिसतो. जुनं बुक चिकटलं असेल तर पानं ओढू नयेत, सावलीत हळूहळू सुकू द्यावीत. पहिली नोंद ज्या आरटीओत झाली तिथे जुन्या रजिस्टरची नक्कल मागावी. घरातले जुने अल्बम चाळावेत. लग्नातल्या फोटोत मागे उभ्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते, आणि तारीख फोटोच्या पाठीवर असते. जग्वारच्या मालकाने कंपनीकडून वारसा प्रमाणपत्र मागवावं. चासी नंबर कळवला की गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची होती आणि कुठल्या विक्रेत्याकडे गेली हे जुन्या दप्तरातून काढून देतात. आणि ज्या फिटरने ती गाडी तीस वर्षं सांभाळली तो अजून हयात असेल, तर त्याच्याजवळ बसून त्याने काय काय बदललं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, खाली त्याचं नाव आणि गॅरेजचा पत्ता घालून.